अमेरिकेत जन्मलेलं लेकरू आजी-आजोबांकडे येतं तेव्हा: डिपोर्टेशननंतरचे कागद आणि पुढची दहा वर्षं

एका घरात चार माणसं, आणि चौघांचे कागद चार तऱ्हेचे. वडिलांचा एच-वन-बी, म्हणजे नोकरीवरचा व्हिसा, नोकरीसोबत गेलेला. त्यावर टेकलेला आईचा एच-फोर, म्हणजे जोडीदाराचा व्हिसाही गेलेला. थोरली लातूरला जन्मली म्हणून तिच्याकडे भारतीय पासपोर्ट. धाकटा डॅलसला जन्मला म्हणून तो अमेरिकन नागरिक. नोकरी सुटल्यावर मिळणारे ६० दिवस उलटले, वर्ष-दीड वर्ष तसंच राहणं झालं आणि एक दिवस कारवाई झाली, तर कायदा या चौघांना एक कुटुंब म्हणून बघत नाही. प्रत्येकाची फाइल वेगळी आणि निकालही वेगळा. धाकट्याला अमेरिका देशाबाहेर काढू शकत नाही. पण तोच परभणीला किंवा अंबाजोगाईला आजी-आजोबांकडे राहायला आला की इथे तो ‘विदेशी नागरिक’ ठरतो.

अशा वेळी घरात एक वाक्य हमखास बोललं जातं: ‘सहा महिन्यांचा प्रश्न आहे, होईल सगळं नीट.’ पुढच्या बहुतेक चुका याच वाक्यातून होतात. सहा महिनेच म्हणून लेकरू पर्यटक व्हिसावर येतं, शाळेत नुसतं बसवलं जातं, पालकत्वाचा कागद कुणी करत नाही, आणि त्याला सांगितलं जातं की पप्पा ऑफिसच्या कामात अडकलेत.

मुळात हे प्रकरण किती वर्षांचं असतं?

अमेरिकेत परवानगीशिवाय १८० दिवसांपेक्षा जास्त, पण एका वर्षापेक्षा कमी राहून, कारवाई सुरू होण्याआधी माणूस स्वतःहून बाहेर पडला तर त्याला ३ वर्षं परत जाता येत नाही. एक वर्ष किंवा जास्त झालं असेल तर ही बंदी १० वर्षांची. घड्याळ सुरू होतं ते देश सोडल्याच्या दिवसापासून. इमिग्रेशन न्यायाधीशाने हद्दपारीचा आदेश दिला असेल तर त्याची वेगळी बंदी लागते. ती प्रकरणानुसार ५, १० किंवा २० वर्षांची असते, काही गुन्ह्यांत कायमची. ‘स्वेच्छेने निघून जातो’ असं कोर्टात मान्य करून घेतलं तर हद्दपारीच्या आदेशाची बंदी टळते. पण वर्षभराहून जास्त विनापरवाना राहिलेल्याची १० वर्षांची बंदी तशीच राहते. इथे पुष्कळ लोक फसतात. त्यांना वाटतं, आपण आपल्या पायांनी आलो म्हणजे पाटी कोरी.

म्हणजे लेकरू सहा वर्षांचं असताना बाप परत आला, तर अमेरिकेचं दार पुन्हा ठोठावता येईल तेव्हा ते सोळा वर्षांचं असेल. बालपण तोवर संपलेलं.

दुसरी आशा असते, ‘पोरगा अमेरिकन आहे, मोठा झाला की बोलावेल.’ यात तथ्य आहे, पण अटी बघा. आईवडिलांसाठी अर्ज करायला मुलाचं वय २१ पूर्ण लागतं. अर्ज मंजूर झाला तरी बंदीची वर्षं संपलेली असावी लागतात. बंदीत माफी मागता येते, पण ती नागरिक किंवा ग्रीनकार्डधारक असलेल्या पती, पत्नी किंवा आईवडिलांना होणाऱ्या हालअपेष्टांच्या आधारावर. मुलाचे हाल त्यात धरलेच जात नाहीत. हे वाचून वकिलांचेही नवखे सहायक चक्रावतात. शिवाय आईवडिलांच्या खर्चाची हमी मुलाने द्यायची, म्हणजे त्याचा मुक्काम अमेरिकेत हवा आणि उत्पन्न तिथल्या दारिद्र्यरेषेच्या किमान १२५ टक्के. लातुरात वाढलेल्या पोराने एकविसाव्या वर्षी तिकडे जाऊन, राहून, कमवून मग हे करायचं आहे. तेव्हा हिशोब सहा महिन्यांचा न धरता दहा-पंधरा वर्षांचा धरा.

पहिले काही दिवस

माणूस पकडला गेला की सगळ्यात आधी त्याचा ‘ए-नंबर’ शोधा. ‘ए’ हे अक्षर आणि पुढे आठ किंवा नऊ आकडे असा तो असतो आणि इमिग्रेशन खात्याच्या प्रत्येक नोटिशीवर छापलेला असतो. कारवाई करणाऱ्या ‘आयसीई’ या यंत्रणेच्या संकेतस्थळावर हा नंबर आणि जन्माचा देश टाकला की कोणत्या डिटेन्शन सेंटरमध्ये ठेवलंय ते कळतं. नंबर नसेल तर नावाने शोधता येतं, पण आपली नावं तिथे तीन प्रकारे लिहिलेली असतात. आडनाव आधी, वडिलांचं नाव मधे, मधलं नाव गाळून, अशी सगळी रूपं टाकून बघा. बाहेरून आत फोन लागत नाही. आतल्या माणसाने लावायचा असतो, त्यामुळे अनोळखी नंबर उचलत चला.

अटक झालेल्या परदेशी माणसाला आपल्या देशाच्या वकिलातीला कळवून घेण्याचा हक्क आहे. १९६३ च्या व्हिएन्ना करारातलं हे ३६ वं कलम. पासपोर्ट संपला किंवा हरवला असेल तर भारतीय वकिलात एका प्रवासापुरता ‘इमर्जन्सी सर्टिफिकेट’ देते. इमिग्रेशन कोर्टात सरकारी खर्चाने वकील मिळत नाही, तो स्वतः करावा लागतो. आणि वाचल्याशिवाय, समजल्याशिवाय कोणत्याही कागदावर सही नको. काही कागदांवरची सही म्हणजे सुनावणीचा हक्क सोडणं असतं.

आईवडील दोघंही एकाच वेळी पकडले गेले आणि मुलाला घ्यायला कुणी नसलं, तर मूल राज्याच्या बालकल्याण खात्याकडे, म्हणजे फॉस्टर केअरमध्ये जातं. अमेरिकेच्या १९९७ च्या एका कायद्यानुसार मूल २२ पैकी १५ महिने फॉस्टर केअरमध्ये राहिलं, तर आईवडिलांचा हक्क संपवण्याचा अर्ज राज्याने करायचा असतो. नातेवाइकाकडे ठेवलेल्या मुलासाठी आणि इतर काही कारणांसाठी अपवाद आहेत. म्हणून शेजारची मराठी मैत्रीण, चुलत भाऊ, कुणीही कायदेशीर वास्तव्य असलेला माणूस आधीच ठरवून त्याच्या नावे त्या राज्याच्या नमुन्यातलं मुखत्यारपत्र करून ठेवावं आणि शाळेच्या आपत्कालीन यादीत त्याचं नाव घालावं. शाळा सुटल्यावर यादीत नसलेल्या माणसाच्या हाती मूल देत नाहीत.

मुलाची फाइल

विमानात बसण्याआधी गोळा केलेला एक कागद इथून मागवलेल्या दहा कागदांच्या बरोबरीचा असतो.

जन्मदाखला घेताना ‘लाँग फॉर्म’ मागा. छोट्या दाखल्यावर अनेक राज्यांत आईवडिलांची नावं नसतात, आणि भारतात तर त्या नावांवरच सगळं अडतं. ज्या राज्यात जन्म झाला त्या राज्याच्या सेक्रेटरी ऑफ स्टेट कार्यालयातून त्यावर अपॉस्टिल, म्हणजे दाखला खरा असल्याचा परदेशात चालणारा शिक्का, करून घ्या. भारत २००५ पासून अपॉस्टिल करारात आहे, त्यामुळे हा शिक्का इथे चालतो. दोन-तीन प्रती काढा.

अमेरिकन पासपोर्ट सोळा वर्षांखालच्या मुलाला पाच वर्षांचाच मिळतो, आणि दर खेपेला आई-वडील दोघांची संमती लागते. एकजण इकडे आणि एकजण तिकडे अशी स्थिती असेल तर हजर नसलेल्याने डीएस-३०५३ हा फॉर्म नोटरीसमोर सही करून मूळ प्रत पाठवायची, सोबत नोटरीला दाखवलेल्या ओळखपत्राची दोन्ही बाजूंची झेरॉक्स. ही संमती तीन महिनेच चालते. झेरॉक्स विसरली म्हणून मुंबईच्या अमेरिकन वकिलातीतून हात हलवत परतणं आणि नवी संमती मागवणं, यात तीन महिने सहज जातात. आई तिकडे विनापरवाना राहत असली तरी तिचा भारतीय पासपोर्ट चालू ठेवा. नोटरीपुढे तीच तिची ओळख.

मग ओसीआय, म्हणजे परदेशी नागरिक असलेल्या भारतीय वंशाच्या माणसाला भारतात राहण्यासाठी मिळणारं कार्ड. आईवडिलांपैकी एकजण जरी भारतीय नागरिक असला तरी अल्पवयीन मुलाला ओसीआय कार्ड मिळू शकतं. अमेरिकेतून अर्ज केला तर फी २७५ डॉलर, भारतात एफआरआरओकडे, म्हणजे विदेशी नागरिकांच्या नोंदणी कार्यालयाकडे, केला तर १५,००० रुपये. फॉर्मवर दोन्ही पालकांच्या सह्या लागतात, म्हणून घर एकत्र असतानाच हे उरकणं सोपं. कार्ड मिळालं की व्हिसाची कटकट नाही, वास्तव्याची नोंदणी नाही. वयाच्या विसाव्या वर्षापर्यंत दर नव्या पासपोर्टची प्रत तीन महिन्यांत ऑनलाइन चढवायची, तेवढंच.

वेळच मिळाला नाही तर निदान एंट्री व्हिसावर, म्हणजे भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणाऱ्या व्हिसावर, आणा. ई-पर्यटक व्हिसा दोन-चार दिवसांत मिळतो म्हणून लोक त्याला भुलतात, पण अमेरिकन नागरिकाला त्यावर सलग १८० दिवसच राहता येतं. पर्यटक म्हणून आलेल्या मुलाचा शाळाप्रवेश आणि ओसीआय दोन्हीत खोडा येतो. मुदत उलटली की पोरगं इथेही विनापरवाना. बापावर जे ओढवलं तेच लेकरावर, आणि तेही आजोबांच्या घरात.

मूल आणताना दुसऱ्या पालकाची लेखी, नोटरी केलेली संमती सोबत हवीच. नवरा-बायकोत आधीच वाद असेल तर जास्तच. १९८० च्या बाल-अपहरणविषयक हेग करारात भारत नाही, पण दुसऱ्या पालकाचा हक्क डावलून मूल देशाबाहेर नेणं हा अमेरिकेत १९९३ पासून फौजदारी गुन्हा आहे. संमती नसताना मूल आणणारा बाप स्वतःच्या परतीचं दार स्वतःच बंद करतो.

लसीकरणाचं कार्ड आणा. अमेरिकेत बीसीजी नेहमीच्या लसींत नसते, त्यामुळे दंडावर वण नाही म्हणून इथे डॉक्टर विचारतात. शाळेची प्रगतिपुस्तकं आणि ट्रान्स्क्रिप्ट, विशेष शिक्षणाचा आराखडा असेल तर तो, आणि सोशल सिक्युरिटी कार्डाची प्रत हेही फाइलमध्ये.

आजोबांची सही कुठे चालते

आजी-आजोबा मूल सांभाळतात म्हणून कायद्याने पालक होत नाहीत. १९५६ च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्यात नैसर्गिक पालक वडील आणि त्यांच्यानंतर आई. सुप्रीम कोर्टाने १९९९ मध्ये स्पष्ट केलं की वडील प्रत्यक्षात नसतील किंवा लक्ष घालू शकत नसतील तर ते हयात असतानाही आई पालक म्हणून काम करू शकते. आई किंवा वडील इथेच असतील तर प्रश्न मिटला. दोघंही नसतील तर मुखत्यारपत्रावर शाळाप्रवेश आणि सर्दी-तापाचा दवाखाना भागतो. ऑपरेशनची संमती, पासपोर्ट, बँकेतली मोठी रक्कम इथे अडतं. त्यासाठी १८९० च्या पालक व पाल्य कायद्याखाली मूल जिथे राहतं तिथल्या जिल्हा न्यायालयात, आणि कुटुंब न्यायालय असेल तिथे त्यात, अर्ज करायचा. आईवडिलांची संमतीची प्रतिज्ञापत्रं जोडली की वाद नसलेला अर्ज तुलनेने लवकर निघतो. गावाकडे ‘आपल्याच नातवासाठी कोर्टात कशाला जायचं’ असा संकोच असतो. मध्यरात्री अपेंडिक्स फुटायला आलेलं असताना तो संकोच महागात पडतो.

शाळा

शिक्षणहक्क कायदा ६ ते १४ वयाच्या ‘प्रत्येक बालकाला’ लागू आहे. टीसी नाही, जन्माचा पुरावा नाही, वर्ष अर्धं उलटलंय, यातल्या कोणत्याही कारणाने प्रवेश नाकारता येत नाही, आणि मुलाला त्याच्या वयानुसार वर्गात बसवायचं असतं. नोव्हेंबरात आलेल्या मुलाला ‘जूनमध्ये या’ म्हणणं चूक.

पण खरी गडबड प्रवेशाच्या रजिस्टरात होते. अमेरिकन दाखल्यावर 03/07/2018 असं लिहिलेलं असतं. तिकडे महिना आधी लिहितात, म्हणजे ती ७ मार्च. इथले लिपिक ३ जुलै लिहून मोकळे. मग यूडायसवर, म्हणजे शाळांच्या सरकारी ऑनलाइन नोंदीत, तीच तारीख चढते, आधार वेगळंच सांगतं आणि दहावीच्या बोर्डाचा फॉर्म भरताना सगळं उघडं पडतं. नावाचंही तसंच. दाखल्यावर फक्त नाव आणि आडनाव, आपली शाळा मधे वडिलांचं नाव घालते. प्रवेशाच्या दिवशी रजिस्टरातली ओळ स्वतः वाचा, तारीख अक्षरी लिहून घ्या आणि नाव पासपोर्टवर आहे तस्संच ठेवा. आधार मागितलं तर सांगा की ओसीआयधारकाला मागच्या बारा महिन्यांत १८२ दिवस इथे राहिल्यावरच ते काढता येतं.

मुलाला घरात मराठी बोलता येतं म्हणून वाचता येईल असं धरू नका. बाराखडी, जोडाक्षरं, पाढे सगळं पहिल्यापासून. तिसरीतल्या मुलाला पहिलीचं पुस्तक रोज वीस मिनिटं, घरीच, भावंडांसमोर हसं न करता. वर्गात त्याला सगळ्यांपुढे मोठ्याने वाचायला लावू नका, असं वर्गशिक्षकांना भेटून सांगा. इंग्रजीत तो पुढे असतो, त्यामुळे बाकी कच्चेपणा ‘मस्ती’ समजला जातो.

बारावीनंतरचा खड्डा

लातूरच्या क्लासेसची ख्याती माहीत असल्याने घरचे आठवीपासूनच नीटचं बोलू लागतात. इथे थांबून वाचा. ४ मार्च २०२१ च्या अधिसूचनेनुसार ओसीआयधारकाला नीट, जेईई देता येतात, पण प्रवेश एनआरआय किंवा अतिरिक्त जागांवरच. केवळ भारतीय नागरिकांसाठी राखलेल्या जागा त्याला नाहीत. सुप्रीम कोर्टाने २०२३ मध्ये सांगितलं की ही अट त्या तारखेनंतर ओसीआय झालेल्यांनाच लागेल. म्हणजे आता कार्ड काढणारं मूल अटीत सापडतं. दोन वर्षं क्लास, चांगले गुण, आणि समोर एनआरआय कोट्याची फी, हे अकरावीला कळून उपयोग नाही.

यावर एक वाट आहे. नागरिकत्व कायद्याच्या कलम ५(१)(घ) खाली भारतीय नागरिकांच्या अल्पवयीन मुलाची भारतीय नागरिक म्हणून नोंदणी करता येते. पण भारत दुहेरी नागरिकत्व मानत नाही. हा निर्णय घेण्याआधी अमेरिकन नागरिकत्वाचं काय होईल हे तिकडच्या वकिलाला विचारा, आणि चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाला त्यात बोलू द्या. त्याचंच आयुष्य आहे.

एजंट दुसरी वाट सुचवतो: गावात जन्म झाल्याचा उशिरा नोंदवलेला दाखला, त्यावर भारतीय पासपोर्ट. हा सरळ गुन्हा आहे. शेतीचंही लक्षात ठेवा. ओसीआयधारक शेतजमीन विकत घेऊ शकत नाही, वारशाने मिळालेली ठेवू शकतो. आजोबांचा सातबारा नातवापर्यंत जाऊ शकतो, पण खरेदीखताने नाही.

आखातातून परतलेल्या घरांत हा गुंता नसतो. सौदीत जन्मलेल्या भारतीय मुलाला सौदी नागरिकत्व मिळत नाही, त्यामुळे तो सहसा भारतीय पासपोर्टवरच असतो. २०१७ च्या जुलैपासून तिथे दरडोई कौटुंबिक कर लागला, तेव्हा बायका-मुलं परत आली आणि बाप तिकडेच राहिला अशी घरं मराठवाड्यात आहेत. कागद सोपे, दुरावा तोच.

लेकराच्या आत काय चालतं

मृत्यूत निदान काय झालं ते कळतं. या दुराव्यात आई किंवा बाप हयात असतो, मोबाइलवर हसतो, पण येत नाही. मुलाला धड रडताही येत नाही आणि वाट बघणंही सोडता येत नाही. पाच-सहा वर्षांचं लेकरू पुन्हा अंथरूण ओलं करतं, आजीचा पदर सोडत नाही, रोज शाळेच्या वेळी पोटात दुखतं. आठ-दहा वर्षांचं मनातल्या मनात हिशोब मांडतं की आपण हट्ट केला म्हणून पप्पा गेले. तेरा-चौदाचं एकतर सगळ्यांवर फणफणतं नाहीतर घरातला कर्ता होऊन बसतं, लहान भावंडाचा अभ्यास घेतं, आईला धीर देतं. या दुसऱ्या मुलाचं सगळे कौतुक करतात, म्हणून त्याच्याकडे लक्ष सगळ्यात उशिरा जातं.

खोटं सांगू नका. ५ फेब्रुवारी २०२५ ला अमेरिकेच्या लष्करी विमानाने १०४ भारतीयांना अमृतसरला आणून सोडलं, त्यात महाराष्ट्रातले तिघे होते. हातापायांत बेड्या घातलेल्यांची दृश्यं घरोघरच्या मोबाइलवर फिरली. वर्गातलं एखादं पोरगं ते दाखवून विचारणारच, ‘तुझ्या पप्पालाबी असंच आणलं का?’ त्याआधी घरातून कळलेलं बरं. लहानाला एवढं पुरतं: ‘तिथे राहायचा कागद संपला होता, म्हणून पप्पांना राहता आलं नाही. तुझ्यामुळे नाही झालं. आता तू आमच्याकडे राहणार, आणि मम्मीला रोज फोन करणार.’ ‘दिवाळीला येईल’ असलं वचन देऊ नका. दोन दिवाळ्या गेल्या की ते कुणाच्याच बोलण्यावर विश्वास ठेवत नाही. लग्नकार्यात पाहुणे विचारतात, ‘मग कधी वापस जाणार?’ याचं उत्तर आजोबांनी द्यावं, मुलाकडे बघत राहू नये.

फोनची वेळ ठरलेली असावी. डॅलसला हिवाळ्यात आपल्यापेक्षा साडेअकरा तास मागे धरायचं, उन्हाळ्यात साडेदहा. मार्च आणि नोव्हेंबरात तिकडची घड्याळं बदलतात आणि नेमके तेव्हा फोन चुकतात. इथे सकाळी सात म्हणजे तिकडे आदल्या दिवशी संध्याकाळचे साडेसात किंवा साडेआठ, दोघांनाही जमणारी वेळ. दहा मिनिटं पुरतात, आणि ‘अभ्यास केला का’ यात ती घालवू नयेत. एकत्र शब्दकोडं सोडवा, तिकडच्या जुन्या शेजाऱ्याचं कुत्रं दाखवा. फोन झाल्यावर मूल चिडचिड करतं, म्हणून काही घरांत फोनच कमी करतात. ते उलट करणं झालं. चिडचिड फोनमुळे होत नाही, तुटल्यामुळे होते.

झोप, भूक किंवा शाळा महिन्याभराहून जास्त बिघडलेली असेल, किंवा मूल मरणाबद्दल बोलू लागलं, तर थांबू नका. टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर मोफत आहे, मराठीत बोलता येतं. मुलांसाठी १०९८ आहेच. जिल्हा रुग्णालयांत मानसोपचार विभाग असतो.

आणि पालक परत आला, किंवा मूल बारा-पंधराव्या वर्षी तिकडे गेलं, की पहिले काही महिने सगळ्यात अवघड. बापाच्या डोक्यात सहा वर्षांचं पोर असतं, समोर मिसरूड फुटलेलं उभं असतं. त्याने आल्याआल्या मोबाइल, मित्र, केस यांवर हुकूम सोडले की ठिणगी पडते. निर्णय काही काळ आजीकडेच राहू द्यावेत, बापाने आधी शाळेत सोडणं-आणणं, सोबत जेवणं इतकंच घ्यावं. शाळेतल्या संपर्काच्या रकान्यात बापाचं नाव वाढवा, आजोबांचा नंबर मात्र आणखी वर्षभर काढू नका.